रवांडावरचं एक पुस्तक वाचलं की झालं, असं नाहीये

सध्या एक मेसेज ग्रुपग्रुपवर फिरतोय, "यूएनची शांतीसेना कुठेच काही करू शकत नाही, जनरल डॅलेर यांचं रवांडावरचं पुस्तक वाचा म्हणजे कळेल, बाकी प्रोफेसर लोकांच्या थिअरीवर पैसे घालवू नका." स्पर्धा परीक्षेची पोरं हे खरं मानून तेवढं एकच पुस्तक घेतायत, म्हणून लिहायला बसलो.

डॅलेर वाचाच, त्यात वादच नाही, ते तेव्हा रवांडातल्या यूएन फौजेचे कमांडरच होते. जानेवारी १९९४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला फॅक्स केला की शस्त्रं कुठे लपवलीत ते कळलंय, छापा टाकतो, आणि वरून उत्तर आलं की टाकू नका. तो भाग वाचताना पोटात गोळा येतो. पण मेसेजवाल्यांनी पुढचं वाचलेलं दिसत नाही. तुत्सी समाजाची कत्तल सुरू झाली आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेनेच अडीच हजारांची फौज २७० वर आणायचा ठराव केला. मग फेल कोण झालं, राजधानी किगालीत थांबलेले सैनिक की ठराव करणारे?

"कुठेच काही करू शकत नाही" हे तर सरळ चूक आहे. नामिबियात १९८९-९० ला यूएन फौजेचे कमांडर आपले जनरल दिवाण प्रेमचंद होते, निवडणूक पार पडली, देश स्वतंत्र झाला. राज्यशास्त्राच्या प्रोफेसर पेज फोर्टना यांचं २००८ चं पुस्तक याच प्रश्नावर आहे, त्या दाखवतात की शांतीसेना बहुतेक जास्त अवघड ठिकाणीच जाते, म्हणून वरवर बघितलं तर ती निकामी वाटते, पण हा फरक धरून हिशोब केला की जिथे ती होती तिथे शांतता जास्त टिकलेली दिसते.

आणि थिअरी फुकट म्हणणाऱ्यांनी अशाच एक प्रोफेसर सेव्हरीन ऑटेसेर यांचं काँगोवरचं, २०१० चं पुस्तक उघडून बघावं. राजधानीत करार झाले, २००६ ला निवडणुका झाल्या, तरी पूर्वेकडे माणसं मरतच राहिली, असं का, तर तिथली कितीतरी भांडणं गावातली होती, जमीन कुणाची, मूळचा कोण, उपरा कोण, आणि बाहेरून आलेले मुत्सद्दी त्यात पडायलाच तयार नव्हते. गावाकडे बांधावरून भावकीत दोन-दोन पिढ्या कोर्टात गेलेल्या ज्याने बघितल्यात, त्याला हे लगेच पटतं.

पैसे एकाच पुस्तकाचे असतील तर ऑटेसेर विकत घ्या, डॅलेर लायब्ररीतून आणा. फोर्टनामध्ये आकडेमोड बरीच आहे, पहिलं आणि शेवटचं प्रकरण आधी वाचा, मधलं नंतर बघता येईल.