स्वेच्छेने या, हजेरी लागणार आहे

हेड ऑफिसकडून सर्व्हेचा निकाल आला आहे आणि जळगाव एमआयडीसीतल्या तुमच्या प्लँटचा आकडा सगळ्यांत खाली आहे. कामगारांचं कंपनीत मन नाही, हे मुंबईच्या साहेबांना तक्त्यावरून कळलं. तुम्हाला ते रोज गेटवर दिसत होतं, पण गेटवर दिसलेलं पीपीटीत बसत नाही.

घाबरू नका. गॅलप नावाची संस्था जगभर हेच मोजत असते, आणि २०२४ साली तिला कामात मन असलेले नोकरदार शंभरात २१च सापडले. म्हणजे मन नसणाऱ्यांचंच बहुमत आहे. तिची १२ प्रश्नांची यादी प्रसिद्ध आहे, ती मात्र उघडू नका. दुसराच प्रश्न आहे, काम नीट करायला लागणारं साहित्य तुमच्याकडे आहे का. चौथा, गेल्या सात दिवसांत तुमच्या कामाचं कुणी कौतुक केलं का. हे वाचलंत तर पॅकिंग विभागातला बंद पंखा आठवेल, आणि जळगावचा मे महिना कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. पंखा दुरुस्त करणं फार अवघड, त्याला पर्चेसची मंजुरी लागते. समाजसेवेला लागत नाही.

तेव्हा समाजसेवा करा.

आधी सर्क्युलर काढा. ‘स्वेच्छेने’ हा शब्द ठळक टाइपात हवा आणि त्याच्या खालच्याच ओळीत ‘अनुपस्थित राहणाऱ्यांनी विभागप्रमुखांकडे लेखी कारण सादर करावे’. दिवस सुट्टीचा निवडा. कामाच्या दिवशी माणसं सोडली तर तो वेळ कंपनीनं दिला असा अर्थ होतो, आणि आपल्याला दान कामगाराच्या रविवारातून करायचं आहे. बायोमेट्रिक मशीन बसमधून सोबत न्या. अंगठा लागला की स्वेच्छा सिद्ध होते.

हेड ऑफिसला आधार लागतो, म्हणून हा घ्या. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ताण घालवण्याचे वर्ग, मनःशांतीची अ‍ॅप वगैरे घेतलेले आणि न घेतलेले यांच्या सुखात त्यांना फरक दिसला नाही. एकच उपक्रम वेगळा निघाला : समाजासाठी काम करण्याची संधी. पहिल्याच स्लाइडवर हे मोठ्या अक्षरांत टाका. जी माणसं आपणहून अशा कामाला जातात ती मुळातच जरा बऱ्या मनःस्थितीत असू शकतात, आणि ज्यांना ढकलून नेलं त्यांचं काय झालं ते यात नाही, या शंका स्लाइडवर घेऊ नका. तिथे लोगोला जागा लागते.

आता काम कोणतं करायचं. हे कामगारांना विचारू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. विचारलंत तर मेंटेनन्सचा फिटर म्हणेल, साहेब, आमच्या गावचा हातपंप पडून आहे, दोन माणसं आणि एक वॉशर द्या, दुपारपर्यंत चालू करतो. इलेक्ट्रिशियन जिल्हा परिषदेच्या शाळेचं वायरिंग मागेल. लॅबमधली पोरगी विहिरींचं पाणी तपासून द्यायला तयार होईल. ज्याला जे येतं तेच त्यानं समाजासाठी केलं तर काम खरंच होऊन बसेल, आणि आपण या गावाच्या उपयोगाचे आहोत असं त्या माणसाला वाटू लागेल. असं वाटू लागलेला माणूस सोमवारी कामावर येतो तो ताठ मानेनं. ते तुमच्या सुपरवायझरला झेपणार नाही. त्यापेक्षा फिटरला, इलेक्ट्रिशियनला आणि लॅबवालीला एकेक ब्रश द्या आणि शाळेची भिंत रंगवायला लावा. हात धुण्याचं चित्र काढा. नळ आहे की नाही हा पाणीपुरवठ्याचा विषय आहे.

पण खरा राजमार्ग वृक्षारोपणाचा. तारीख ५ जून, कारण त्या दिवशी पर्यावरण दिन असतो. मृग लागायला दोन-तीन दिवस असतात आणि तो वेळेवर बरसेल याची खानदेशात कुणी हमी देत नाही. जमीन तव्यासारखी तापलेली असते, आणि पऱ्हाटीवाला, म्हणजे कापूस लावणारा शेतकरीसुद्धा कोरडवाहू रानात आभाळाकडे बघत थांबलेला असतो. त्याला शेतीतलं कळतं, ब्रँडिंगमधलं कळत नाही. जुलैत दोन चांगले पाऊस झाल्यावर रोपं लावली तर जगतील, पण तेव्हा फोटो कोण छापणार?

कडक जमिनीत खड्डे खणणं हे स्वयंसेवकांचं काम नव्हे. ते आदल्या दिवशी ठेकेदाराच्या माणसांकडून करून घ्या. ही माणसं तुमच्या प्लँटमध्ये वर्षानुवर्षं पाइप उचलतात, पण ती ‘कर्मचारी’ नाहीत, म्हणून सर्व्हेत नाहीत, टी-शर्टच्या यादीत नाहीत आणि फोटोतही नाहीत. फोटोच्या वेळी त्यांना जीपच्या पलीकडे बसवा. ज्याच्या हाताला फोड आले त्यानं सेवा केली नाही, ज्यानं रोप धरून कॅमेऱ्याकडे बघितलं त्यानं केली, हे एकदा सगळ्यांच्या मनावर बिंबलं की निम्मं काम झालं. त्यातला एखादा म्हातारा हसून म्हणेल, “साहेब, खड्डा तोच शे, रोप फक्त नवं शे.” त्याच्याकडे लक्ष देऊ नका. मागच्या वर्षीचं रोप मागच्या वर्षीच्या अहवालात जिवंत आहे. ट्री-गार्ड मात्र दणकट घ्या, कंपनीचं नाव त्याच्यावर आहे. झाड जगलं नाही तरी नाव जगलं पाहिजे.

पाणी कोण घालणार असा प्रश्न बैठकीत निघाला तर ‘स्थानिक समुदायाचा सहभाग’ असं लिहा.

सहल म्हणून कुठेतरी न्यायचंच असेल तर कुठेही न्या, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला मात्र नेऊ नका. धुळे जिल्ह्यातल्या या आदिवासी गावानं चैत्राम पवारांच्या पुढाकारानं ४०० हेक्टरांहून अधिक जंगल राखलं, वाढवलं. नियम गावानं केले, राखणही गावानंच केली. रानभाज्यांची स्पर्धा भरवतात तीही गावची. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली, म्हणजे आधी दोन-तीन दशकं काम झालं आणि मग फोटो. इतका उलटा क्रम तुमच्या लोकांनी पाहिला तर ते बसमध्ये विचारतील, इथे टी-शर्ट कुणी वाटले? हजेरी कोण घेतं? कुणीच नाही, असं उत्तर मिळालं की तुमच्या पुढच्या सर्क्युलरचं काही खरं नाही.

पैशाच्या बाजूबद्दल थोडं, कारण अकाउंट्सवाले त्रास देतात. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ : निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी, यांपैकी काहीही एक गाठलं की आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर घालायची. तुमच्या मनात लगेच आलं असेल की दोनशे माणसांचा एक रविवार, त्याचा पगार धरला तर केवढा खर्च दाखवता येईल! दिल्लीच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं तिथेच माती खाल्ली. २०२१ च्या खुलाशात स्पष्ट लिहिलंय, कर्मचाऱ्यांना जरूर सामील करा, पण त्यांच्या श्रमाची किंमत लावून ती या खर्चात धरता येणार नाही. एक दिवसाची मॅरेथॉनही चालत नाही. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं कामही नाही. थोडक्यात, सरकारचं म्हणणं असं की माणसाचा घाम कंपनीच्या खात्यात जमा करता येत नाही. असो, सरकारला उद्योगातलं काय कळतं.

घामाचं जमलं नाही तर पगाराकडे वळा. ‘एक दिवसाचा पगार’ ही योजना छान आहे. नको असेल त्यानं नकाराचा अर्ज भरायचा आणि अर्ज मुंबईच्या ऑफिसात मिळेल अशी व्यवस्था ठेवायची. कुणी देणगीवरची करसवलत विचारली तर सांगा, मिळते की. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही हे त्याला रिटर्न भरताना कळेल, आणि बहुतेकांना तुम्हीच नव्या प्रणालीत टाकलेलं आहे. कामगारानं शंभर दिले तर कंपनीही शंभर घालेल, असला अगोचरपणा करू नका. आणि पैसा कुठे गेला ते नोटीस बोर्डावर लावू नका, लोकांना वाचायची सवय लागते.

याच्या जवळपास जाणारी एक गोष्ट मात्र धोकादायक आहे. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अडचणीतल्या सहकाऱ्यांसाठी कर्मचाऱ्यांनीच वर्गणी काढून चालवलेला एका अमेरिकी कंपनीतला निधी त्यांनी पाहिला. त्यातून मदत घेऊन माणूस कंपनीला चिकटतो हे कुणीही सांगेल. इथे असं दिसलं की दिल्यानंही माणूस चिकटतो. आता तुमच्याकडे पाहा. शिफ्टमधल्या कुणाच्या बापाला रात्री ॲडमिट केलं तर सकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे जमा होतात, दोघं जण रक्त द्यायला पोचतात, तिसरा त्याच्या जागी ड्यूटी करतो. हे सगळं एचआरला न विचारता. इथे कंपनीनं नुसती दोन दिवसांची भरपगारी रजा दिली तरी काम होईल, पण तसं केलंत तर पुढच्या सर्व्हेत आकडा वर जाईल आणि श्रेय कुणाला द्यायचं हा पेच पडेल. त्यापेक्षा त्याच्या जागी ड्यूटी करणाऱ्याला मेमो द्या, पंचिंग दुसऱ्याच्या नावावर झालं म्हणून.

कार्यक्रमाच्या शेवटी भाषण असतं. अमळनेरचा उल्लेख केल्याशिवाय खाली बसू नका, खानदेशात टाळी तिथेच पडते. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तेलाची एक कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली आणि अझीम प्रेमजींनी आपल्या संपत्तीचा प्रचंड मोठा वाटा शिक्षणाच्या कामाला दिला. इथवर बोला आणि थांबा. अमळनेरातल्या कितीतरी साध्या घरांनी त्या कंपनीचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपले, आणि कंपनी वाढली तशी ती घरंही वर आली, हे पुढचं वाक्य मात्र गिळा. समोर बसलेल्या कामगाराला त्या वाक्याचा अर्थ चटकन लागतो. कंपनी आपली वाटायला टी-शर्ट लागतो की हिस्सा, ही चर्चा व्यासपीठावर नको.

इतकं करूनही आकडा हलला नाही तर हिवाळ्याची वाट पाहा. थंडी पडली की प्लँटमधलेच लोक कुणाच्या तरी शेतात भरीत पार्टी ठेवतात. बामणोदची मोठी हिरवी वांगी पऱ्हाट्यांवर भाजली जातात, कळण्याच्या पुऱ्या होतात, वर्गणी ज्याच्या त्याच्या ऐपतीनं, आणि पंगतीत ठेकेदाराचा माणूस शिफ्ट इन्चार्जच्या मांडीला मांडी लावून बसतो. उरलेलं भरीत शेजारच्या वस्तीवर जातं. तुम्हाला बोलावत नाहीत, पण बातमी कळतेच. ही पार्टी लगेच ताब्यात घ्या. तिला इंग्रजी नाव द्या, क्यूआर कोडवर नोंदणी ठेवा, कंत्राटी लोकांना वेगळ्या रंगाचं कुपन द्या आणि वांगी कंपनीच्या मान्यताप्राप्त व्हेंडरकडूनच मागवा. व्हेंडर पुण्याचा आहे, तो छोटी जांभळी, रश्श्याची वांगी पाठवेल. परत पाठवू नका, पर्चेस ऑर्डर निघालेली आहे.