आमच्या घराची चौकशी चालू आहे

"ऑफर मान्य झाली!" मी रेडिंगहून सांगलीला फोन लावला. बाबांनी विचारलं, "इसार किती दिलास?" म्हटलं, काहीच नाही. "पावती?" तीही नाही. "मग घर तुझं कशावरून?"

इंग्लंडच्या घरखरेदीच्या कायद्याचं मर्म बाबांनी तिथे बसल्याबसल्या धरलं. दोन्हीकडच्या सॉलिसिटरांनी, म्हणजे वकिलांनी, करारांची अदलाबदल करेपर्यंत इथे कोणी कोणाला बांधील नसतं. मालकाला उद्या जास्त पैसे देणारा भेटला तर तो खुशाल आपल्याला टांग मारू शकतो. आणि या अदलाबदलीपर्यंत पोचायला महिने जातात.

आमच्या सॉलिसिटरबाईंना मी अजून पाहिलेलं नाही. फोन केला की त्या मीटिंगमध्ये, मेल केला की रजेवर. त्यांची सहायक मात्र फार गोड बोलते. "पलीकडच्यांच्या उत्तराची वाट पाहतोय." शेवटी मी घरमालकालाच गाठलं. त्यांचे सॉलिसिटरही पलीकडच्यांच्या उत्तराची वाट पाहत होते. म्हणजे आमच्या.

मग पैशांची चौकशी सुरू झाली. डिपॉझिटमध्ये बाबांनी मोडलेल्या एफडीचे पैसे होते. ते काळे नाहीत हे सिद्ध करायला सहकारी बँकेचं पासबुक पाठवलं, तर त्यातली एक जुनी नोंद कशाची, असा प्रश्न आला. बाबा संतापले. "पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, एक चहा फुकट प्यायलो नाही!" आणि रागाच्या भरात त्यांनी पेन्शनच्या कागदांसकट सगळी फाइल स्कॅन करून पाठवली. बाईंना ती वाचायला अर्थातच वेळ लागला.

पाठोपाठ बक्षीसपत्र. पैसे परत मागणार नाही आणि या घरावर माझा कसलाही हक्क राहणार नाही, असं बाबांनी लिहून द्यायचं होतं. बाबांनी सही केली, पण आईला फोनवर घेऊन विचारलंच, "मग आम्ही आलो की उतरायचं कुठे, हॉटेलात?"

तोवर इकडे सर्च, म्हणजे घरा-जमिनीबद्दलचे तपास, चालू होते. काउन्सिलचा वेगळा, सांडपाण्याचा वेगळा, पुराचा वेगळा. एक तर चर्चचा! काही जमिनींच्या मालकांवर गावातल्या जुन्या चर्चच्या गाभाऱ्याची डागडुजी करण्याची जबाबदारी मध्ययुगापासून चालत आलेली आहे. हसू नका. 2003 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा सर्वोच्च न्यायालय तेच होतं) वॉरिकशरमधल्या एका जोडप्याला या खर्चासाठी खरोखर जबाबदार धरलं. ते कळल्यापासून आमची ही येताजाता जवळच्या चर्चच्या छपराकडे काळजीने बघते.

खिडक्यांवर गाडी पुन्हा अडली. एप्रिल 2002 नंतर खिडक्या बदलल्या असतील तर त्या नियमाप्रमाणे बसवल्याचं सर्टिफिकेट लागतं. मालकांना ते सापडेना. मी म्हटलं, आता आणखी महिनाभर शोधाशोध. पण नाही. इथे कागद हरवला की कागद नसल्याचा विमा काढतात! ही एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. आपल्याकडे सातबारावरच्या चुकीच्या नावासाठी तीन पिढ्या तलाठ्याकडे खेटे घालतात.

आता सगळं झालं, असं वाटत असतानाच मालक घरात काय काय ठेवून जाणार त्याचा फॉर्म आला. छापील फॉर्म. पडद्याचे रॉड, दिवे, साबणदाणी, टॉयलेट रोलचा होल्डर, प्रत्येकापुढे खूण. होल्डर मालक घेऊन जाणार होते. 'आपणास मान्य आहे का?' असं बाईंनी विचारलं. मी वैतागून लिहिलं, "होल्डर न्या, पण निदान रोल तरी ठेवणार का, तेवढं विचारा."

बाईंनी विनोद ओळखला नाही, किंवा ओळखूनही कर्तव्य सोडलं नाही. तो प्रश्न त्यांनी रीतसर पलीकडे पाठवला आहे. काल सहायकेला फोन केला, तर पलीकडचे सॉलिसिटर आपल्या अशिलाशी बोलून कळवणार आहेत. अशील दोन आठवडे स्पेनला गेले आहेत.