तिकिटांची पेटी: तिथे काचेत, इथे भंगारात

मुंबईच्या आणिक आगारात बेस्टचे एक संग्रहालय आहे. कामानिमित्त कोल्हापूरहून मुंबईला माझ्या इतक्या खेपा झाल्या, तरी पन्नाशी उलटेपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात भाच्याने हट्टाने नेले म्हणून ते पाहणे झाले. ट्रामचे आणि दुमजली बसचे छोटे नमुने, जुनी तिकिटे, तिकिटे देण्याची यंत्रे असा तिथला पसारा पाहताना मी एका काचेपाशी थांबलो आणि बराच वेळ पुढे सरकलोच नाही. आत कंडक्टरची पत्र्याची पेटी होती.

अगदी तशीच पेटी आमच्या घरात होती. माझे थोरले मामा कोल्हापुरात शहर बसवर कंडक्टर होते. पेटीत दराप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या तिकिटांच्या गड्ड्या ओळीने लावलेल्या असत. गर्दीत उभ्या उभ्या, न बघता, मामांचा अंगठा नेमक्या गड्डीवर जाई आणि दुसऱ्या हातातला तिकिटाला भोक पाडणारा पंच वाजे. सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून देत. उतरताना ती मागायला विसरणारे आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून भांडायला येणारे, अशी दोन्ही तऱ्हेची माणसे त्यांना रोज भेटत. निवृत्तीनंतर त्या पेटीत खिळे आणि स्क्रू राहू लागले. पुढे एका दिवाळीच्या साफसफाईत मी स्वतःच्या हाताने ती भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. तेव्हा मला काहीही वाटले नाही, हे इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

संग्रहालयातला इतिहास मोठा आहे. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ रोजी विजेची आली, १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली आणि १९३७ मध्ये दुमजली बस आली. अशा ‘पहिल्या’ गोष्टींच्या तारखा पाठ करायला सोप्या असतात. मला मात्र शेवटांनी अधिक विचारात पाडले. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली आणि नव्वद वर्षांचा व्यवहार मिटला. रूळ रस्त्याच्या मधोमध, त्यामुळे ट्रामला बाजूला होता येत नसे आणि मोटारी वाढल्या तशी तीच सर्वांना अडचण वाटू लागली. १९६२ मध्ये आलेली ट्रॉलीबस तर १९७१ मध्ये बंदही झाली. डोक्यावरच्या तारेला बांधलेली ती गाडी तारेपलीकडे कुठे जाणार? नव्या वाहनाचे हारतुऱ्यांनी स्वागत करणारे शहर तेच वाहन नऊ वर्षांत का सोडून देते, हे अशा दालनात सविस्तर सांगितले गेले पाहिजे, असे माझे मत आहे. आज कोल्हापुरात केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या शहर बसच्या, थांब्यावर उभे राहणारा माणूस दुचाकीकडे आणि रिक्षाकडे कसा वळला, हे समजून घ्यायला पहिल्या बसच्या उद्घाटनाचा फोटो फारसा उपयोगी पडत नाही.

कोल्हापूरला जपण्याची सवय नाही असे कोणी म्हणणार नाही. दसऱ्याला संस्थानची मेबॅक गाडी बाहेर निघाली की तिला पाहायला दसरा चौकात ही गर्दी लोटते. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला, समुद्रापलीकडून आलेला काशाचा पोसायडन हा ग्रीक समुद्रदेव टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. राजांची मोटार आपण राखली आणि परक्या देवाची वीतभर मूर्तीही राखली. पण शिवाजी चौकातून कसबा बावड्याला जाणाऱ्या माणसाने खिशात चुरगाळलेले तिकीट, कंडक्टरने रात्री दिवा लावून जुळवलेले वेबिल (तिकीटविक्रीच्या हिशेबाचा कागद), गाडीच्या कपाळावरची देवनागरी आकड्यांची पाटी यांना आपण वस्तूच मानले नाही. ज्या गोष्टी हजारो हातांतून जातात त्या कोणा एकाच्या नसतात, म्हणून त्या सांभाळणे हे कोणाचेच काम ठरत नाही.

यावर कोणी लगेच नवी इमारत, मोठा निधी आणि भूमिपूजन सुचवील, तर त्याला माझा विरोध राहील. एखाद्या उद्यानात जुनी बस रंगवून उभी करावी, असेही म्हटले जाते. दोन पावसाळ्यांत तिचा पत्रा गळतो, काचा फुटतात, आसनांचा स्पंज कुत्री उपसतात आणि उरतो तो फक्त फोटो काढण्याचा कोपरा. त्यापेक्षा असलेल्याच एखाद्या संग्रहालयात एक भिंत आणि दोन कपाटे पुरतील. निवृत्त चालक-वाहकांची एक पिढी अजून हयात आहे. त्यांना बसवून मार्ग, पाळ्या, दर आणि यात्रेच्या दिवसांतल्या जादा गाड्यांच्या आठवणी नोंदवून घेतल्या, तर त्या कपाटांना अर्थ येईल. हे काम पाच-दहा वर्षांनी करू म्हटले तर सांगणारे कोणी राहणार नाही.

मी घरापासून सुरुवात केली. मामा आता नाहीत. मामींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “तिकिटं जपून ठेवायला ती काय लॉटरीची होती व्हय?” नंतर त्यांनीच शिवणाच्या डब्यातून मामांचा पंच काढून माझ्या हातात ठेवला. इतकी वर्षे त्या त्याने कापडी पट्ट्यांना भोके पाडत होत्या. मी तो मागितला, पण त्यांनी दिला नाही, कारण अजून लागतो. मग फोटो तेवढा काढून आणला. तो खाली जोडला आहे. तुमच्या घरी असे काही असेल, तर पुसूनघासून चकचकीत करण्याआधी त्याचा एक फोटो काढा आणि ते कोणी, कोणत्या मार्गावर वापरले, हे मागे लिहून ठेवा.