त्याचा अन् ह्याचा काई संबंध नाई

गाडी गॅरेजला टाकली ती क्लचप्लेटसाठी. परत आली तेव्हा गिअर अलगद पडत होते, तक्रारीला जागा नव्हती. फक्त चावी फिरवली की स्टार्टर कण्हायचा, डॅशबोर्डवरचे दिवे मान टाकायचे आणि दर तिसऱ्या वेळी नुसतं ‘टक्’ व्हायचं.

मिस्त्रीला सांगितलं. त्यानं हात पुसत ठेवणीतलं वाक्य काढलं, “सर, त्याचा अन् ह्याचा काई संबंध नाई. ऊन कसलं पडायलंय बगा, बॅटरी बसली असंल.” उन्हानं बॅटरीचं आयुष्य घटतं हे खरंच, परभणीचं मे महिन्यातलं ऊन तर माणसालाही बसवतं. पण बॅटरीवाल्याच्या मीटरवर १२.६ व्होल्ट आले, म्हणजे ती बसलेली नव्हती. “तरी बदलूनच टाका,” तो म्हणाला. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते उगीच नाही, इथं गल्लीगल्लीत इंजिनिअर आहेत. शेजारच्या काकांनी गाडी पुढून लिंबू-मिरची नसल्याचं निदान केलं. मेहुण्यानं फोनवरच पेट्रोलपंप बदलायला सांगितला; गाडीतला की रस्त्यावरचा, ते विचारायचं राहिलं.

माझं मत साधं आहे. काल हात जिथं लागला, आज आधी तिथं बघावं. क्लचप्लेट घालायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि बहुतेक गाड्यांत त्यासाठी स्टार्टरही सोडावा लागतो. संबंध नाही कसा? हा तर सोयऱ्यातला संबंध!

शेवटी आयटीआय झालेला भाचा मल्टिमीटर घेऊन आला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं गिअरबॉक्सच्या उघड्या धातूला. “मामा, मारा स्टार्टर.” काटेकोर पाहिलं तर इथं अर्धा व्होल्टही दिसायला नको. आकडा तीनच्या पुढं गेला. मी क्लचच्या केबलला हात लावला तर चांगलाच चटका बसला. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. अर्थिंगची जाड वायर, म्हणजे बॅटरीचा मायनस गिअरबॉक्सला जोडणारी, नीट आवळलेली नसली की एवढा करंट केबलीबिबलींतून चोरवाटा शोधतो आणि त्यांना तापवतो.

भाचा खाली वाकला. गिअरबॉक्सवरची अर्थिंगची वायर ग्रीसनं माखलेली, बोल्ट दोन आट्यांवर लोंबत होता, बोटानंही फिरत होता. त्याला पाना लावायच्या आधी मिस्त्रीला बोलावलं, साक्षीपुरावा हवा.

मिस्त्रीनं वायरीचं टोक पॉलिशपेपरनं घासलं, बोल्ट आवळला. चावी फिरवली, गाडी पहिल्याच फटक्यात सुरू. मी त्याच्याकडे बघितलं, भाच्यानं माझ्याकडे.

“बगा,” मिस्त्री पाना खिशात घालत म्हणाला, “म्हणलं नवतं का, क्लचप्लेटीचा काई संबंध नाई? हे गिअरबॉक्स उतरवायलो तव्हाचं हाय.”

चहाचे पैसे मीच दिले.