मृगातला मेदुवडा

पुण्यातल्या गच्चीवरून मृगातला तेजोमेघ टिपायचा, म्हणजे ट्रॅकरवर, आकाशाच्या गतीने फिरणाऱ्या यंत्रावर, कॅमेरा चढवून ३० सेकंदांचे १२० फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरकडून ते एकावर एक रचून घ्यायचे. इथवर सगळं सुखाचं. रचलेली फाइल सिरिल या आकाशाच्या फोटोंसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की समोर येते कोरी काळी पाटी. तासाभराचा सगळा प्रकाश हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजेडाच्या आलेखाच्या, डाव्या टोकाला अंग चोरून बसलेला असतो. 'ऑटोस्ट्रेच' लावलं की तो पाहण्यापुरता उजळतो, आणि पाटी काळी होती तेच बरं होतं असं वाटायला लागतं. पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडावं तसं पिवळट-तपकिरी आकाश, आणि ज्या कोपऱ्याकडे शहर त्या कोपऱ्यात वरण जरा जास्तच घट्ट.

रस्त्यावरचे सोडियमचे दिवे त्या मानाने सज्जन होते. त्यांचा बराचसा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असायचा, त्यामुळे फिल्टरला थोडाफार अडवता यायचा. पांढरा एलईडी निळ्यापासून तांबड्यापर्यंत ऐसपैस मांडी घालून बसतो. त्याला कुठून उठवणार?

आधी कडा कापायच्या. तिथे सगळे फोटो एकमेकांवर आलेले नसतात, आणि तसंच पुढे गेलं तर ती पट्टी आकाशाचाच भाग धरली जाते. मग पार्श्वभूमी काढायची. सॉफ्टवेअर चित्रभर छोटे चौकोन पेरतं आणि त्यांच्याखाली जे सापडेल ते रिकामं आकाश समजून वजा करतं. त्याला तेजोमेघ काय आणि हॅलोजन काय, दोन्ही अंधूक, पसरट उजेडच. चार चौकोन तेजोमेघावर राहिले तर मृगाच्या तलवारीभोवती काळं खळगं पडतं आणि तेजोमेघाच्या कडेची अंधूक धूळ शहराच्या खात्यात जमा होते. म्हणून तेजोमेघावरचा एकेक चौकोन राइट क्लिक करून उडवायचा. तांदूळ निवडायची सवय असलेल्याला हे काम चटकन जमतं. आणि 'भागाकार' नाही, 'वजाबाकी' निवडायची, कारण शहराचा उजेड वरून मिसळलेला असतो. मात्र वजाबाकीने वरण जातं, चित्रातली दाणेदार खरखर (नॉइज) मागे राहते. ती निम्मी करायची तर चौपट फोटो हवेत, म्हणजे ४८०.

रंगाचं काम त्यानंतरच. आधी फाइलला आकाशातला पत्ता शोधून द्यायचा. लेन्स २०० मिलिमीटरची असताना ५० भरलं तर बिचारी भलत्याच नक्षत्रात हिंडते. पत्ता लागला की ताऱ्यांचे रंग गाया या अवकाश दुर्बिणीच्या तारायादीशी ताडून चित्राचा तोल बसतो. सेन्सरवर दर चार पिक्सेलांत दोन हिरवे असल्यामुळे शेवाळी छटा आलेली असते, तीही बरीचशी इथेच उतरते. उरली तर हिरवा नॉइज काढायचा पर्याय आहेच.

मग खरं स्ट्रेचिंग, थोडं थोडं, तीन-चार वेळा. एकाच दमात ओढलं तर तेजोमेघाच्या पोटातले चार तारे पिठाचा एकच गोळा होतात. पार्श्वभूमी ठार काळी करायची नाही, २५५ पैकी २५-३० वर राहू द्यायची. मोह सगळा सॅच्युरेशनमध्ये, म्हणजे रंग गडद करण्यात, आहे. साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढचा फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल बहुतेक गिळून टाकतो, म्हणून हात आपोआप स्लायडरवर जातो. अर्धा तास स्क्रीनकडे पाहिलं की डोळे सरावतात आणि कितीही रंग फिकाच वाटतो. कमरपट्ट्यातले तारे निळसर पांढरे दिसले की मी स्लायडर सोडतो आणि झोपतो. सोडला नाही, तर सकाळी तेजोमेघाचा कालाखट्टा झालेला असतो.

सकाळी रंग ठीक असतो, पण रात्री न दिसलेला एक करडा, बिनभोकाचा मेदुवडा मृगाच्या कमरपट्ट्याखाली तरंगताना दिसतो. सेन्सरजवळच्या धुळीच्या कणाची ही सावली. लेन्सवर पांढरा बनियन ताणून, फोकस न हलवता २०-३० फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाचे कोरे फोटो, काढले असते तर ती भागाकारात गेली असती. लेन्स तर रात्रीच काढून बॅगेत गेलेली असते, आणि बनियन धुण्यात.