डेमोत सगळं चालतं

कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी एलएमएस, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवणारी आणि कुणी काय शिकलं याची नोंद ठेवणारी सिस्टम, निवडायचं काम कुणी हौसेनं मागून घेत नाही. मीटिंगमध्ये जो त्या क्षणी चहाकडे बघत असतो, त्याच्या गळ्यात ते पडतं. मग एक्सेल शीट तयार होते. मोबाइलवर चालतं का, रिपोर्ट मिळतात का, बॅज देता येतात का, अशा दोनशे ओळी. ती पाच व्हेंडरांकडे जाते आणि हजार 'हो' घेऊन परत येते. आता निवडा!

मला विचाराल तर 'हो' लिहायची सोयच ठेवू नये. उत्तरं चारच: आज आहे, सेटिंग बदलून होईल, कोड लिहावा लागेल, रोडमॅपवर आहे. शिवाय शेजारी एक रकाना, 'याचे वेगळे पैसे का?' रोडमॅपवर आहे म्हणजे नाहीच आहे, फक्त त्याची स्लाइड तयार आहे.

पुढे डेमो. डेमोतल्या कंपनीत सहा कर्मचारी असतात आणि सहाही जण फोटोत हसत असतात. कुणी राजीनामा दिलेला नसतो, कुणी पासवर्ड विसरत नाही, सगळ्यांचा कोर्स वेळेत पूर्ण. असल्या कंपनीला प्रशिक्षणाची गरजच काय, हे मला कोडंच आहे. म्हणून डेमोला जाताना आपलं सामान आपण न्यावं: घरातली सगळ्यात जुनी आणि ओबडधोबड स्कॉर्म फाइल (कुठल्याही एलएमएसवर चालावा म्हणून ठरलेल्या साच्यात बांधलेल्या कोर्सची झिप), नावं बदललेली पण बाकी खरी असलेली कर्मचारी यादी, आणि मागच्या ऑडिटला मागितलेला रिपोर्ट.

'स्कॉर्म सपोर्ट आहे' हे वाक्य खरंच असतं. झिप वर चढते, कोर्स उघडतो, टाळ्या पडतात. खरी गंमत त्यानंतर. स्कॉर्म 1.2 हे 2001 सालचं प्रकरण, अजून सर्रास वापरात. त्यात 'पूर्ण केला' आणि 'पास झाला' या दोन गोष्टींना मिळून एकच रकाना आहे. कोर्स 'पास' असं कळवतो, एखादी एलएमएस 'पूर्ण' या शब्दाची वाट बघत बसते, आणि नव्वद गुण मिळवलेल्या माणसाला रोज सकाळी 'आपला कोर्स अपूर्ण आहे' असं मेल जातं. तो बिचारा पुन्हा परीक्षा देतो. पुन्हा पास होतो. पुन्हा मेल. स्कॉर्म 2004 मध्ये हे दोन रकाने वेगळे केले, पण आपल्या जुन्या कोर्सला ते कोण सांगणार?

त्याच 1.2 मध्ये 'कुठवर आलो' याची नोंद ठेवायला 4,096 अक्षरांची जागा मिळते. प्रत्येक स्लाइड आणि प्रत्येक उत्तर लक्षात ठेवणारा लांबलचक कोर्स ती ओलांडतो, नोंद नीट साठत नाही, आणि जेवून आलेला माणूस पुन्हा 'स्वागत आहे' या स्लाइडवर. तेव्हा चाचणी अशी करावी: निम्मा कोर्स करायचा, 'बाहेर पडा' बटण न दाबता सरळ फुलीवर क्लिक करून खिडकी बंद करायची आणि दुसऱ्या यंत्रावर उघडायचा. कारण कर्मचारी फुलीच दाबतो. झिप चढलीच नाही, तर आधी मॅनिफेस्ट फाइल, म्हणजे कोर्समध्ये काय काय आहे याची यादी, बघा. ती झिपच्या अगदी वरच्या पातळीवर हवी. कुणीतरी अख्खं फोल्डर झिप केलेलं असतं आणि ती एक पायरी आत जाऊन बसलेली असते. यात व्हेंडरचा दोष नाही, पण तक्रार तुमच्याकडेच येणार.

कर्मचारी यादी त्याहून चिवट. एक्सेलमध्ये फाइल उघडून जतन केली, की कर्मचारी क्रमांक 00457 चा 457 होतो आणि सिस्टमच्या दृष्टीनं नवा माणूस जन्माला येतो. ईमेलला ओळख मानलं, तर आडनाव बदललेल्या व्यक्तीचा ईमेल बदलतो आणि मागचं सगळं शिक्षण पुसलं जातं. आणि ज्यांना कंपनीचा ईमेलच नाही, त्यांचं काय?

सिंगल साइन-ऑन (कंपनीच्या एकाच पासवर्डनं सगळीकडे लॉगिन) आहे म्हणून आयटी खूश असतं. पण बऱ्याचदा त्यात खातं पहिल्या लॉगिनला तयार होतं. म्हणजे ज्यानं एकदाही लॉगिन केलं नाही, तो सिस्टममध्ये नाहीच. त्याला कोर्स नेमता येत नाही आणि 'लॉगिन न केलेल्यांची यादी' काढली तर ती रिकामी निघते. साहेब खूश होतात. यावर उपाय एकच: एचआरच्या सिस्टममधून रोज रात्री यादी आपोआप यायला हवी आणि सोडून गेलेल्यांची खाती बंद व्हायला हवीत. बंद, डिलीट नव्हे. डिलीट केलं की काही सिस्टममध्ये त्यांच्या नोंदीही जातात, आणि ऑडिटर नेमका त्यांचाच रिपोर्ट मागतो.

दरवर्षी करायच्या कोर्सबद्दल एक प्रश्न जरूर विचारा: मुदत संपायच्या महिनाभर आधी कुणी कोर्स केला, तर पुढचं वर्ष कुठून मोजणार? केल्या तारखेपासून मोजलं, तर तत्पर माणसाचं वर्ष अकरा महिन्यांचं होतं. दरवर्षी तत्परता दाखवली तर दरवर्षी महिनाभराची शिक्षा.

पैशाचं थोडक्यात. दर नोंदणीकृत माणसामागे की सक्रिय माणसामागे, आणि सक्रिय कुणाला म्हणायचं, हे लेखी हवं. सक्तीचं प्रशिक्षण सगळे एकाच महिन्यात उरकतात, तेव्हा त्या महिन्यात अख्खी कंपनी सक्रिय असते, एरवी कधीच नसते. सोडून गेलेल्याचं लायसन्स नव्याला मिळतं का, हेही विचारा. मूडल ही ओपन सोर्स एलएमएस 2002 पासून आहे, तिला लायसन्सचे पैसे नाहीत. पण सर्व्हर, बॅकअप, अपग्रेड आणि अपग्रेडनंतर रुसलेले प्लगइन सांभाळणाऱ्या माणसाला पगार लागतो.

बॅज, लीडरबोर्ड वगैरे चर्चेत सगळ्यात जास्त वेळ खातात. खाऊ द्या. तेवढ्यात व्हेंडरला सोडून जायची अट वाचून घ्या: कोर्सच्या आवृत्तीसह तारीख आणि गुण सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात) मिळणार की माणशी एक पीडीएफ? आपण चढवलेल्या मूळ झिप परत मिळणार का? यावर 'आत्ताच जायची भाषा कशाला, सर?' असं हसून म्हणतात. आपणही हसावं, आणि फॉरमॅट, मुदत, फी हे तिन्ही करारात घालून घ्यावं.