सिक लीव्हचं पान

गेल्या आठवड्यात माझ्या एका ज्युनियरचा फोन आला. मुंबईला असताना कॉकपिटमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर एफओ म्हणजे फर्स्ट ऑफिसर, सहवैमानिक म्हणून बसायची, आता उडण्याचे तीन हजार तास झालेत तिचे आणि दुबईच्या एका एअरलाइनची ऑफर हातात आहे. "ताई, येऊ का?" एवढंच विचारलं आणि लगेच एक एक्सेल शीट पाठवून दिली. डावीकडे भारत, उजवीकडे दुबई, आणि उजवीकडे टॅक्सच्या ओळीत मोठ्ठा शून्य, तो पिवळा केलेला.

मला इथे दुबईत येऊन नऊ वर्षं झाली, मीही अशीच शीट केली होती, त्यामुळे तिला फोनवर जे बोलले ते जरा नीट लिहून काढतेय कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाहीये.

आधी तो शून्यच बघू. भारतात ती थांबली तर दीड-दोन वर्षांत कमांड मिळेल, म्हणजे नॅरोबॉडीवर, त्या छोट्या विमानांवर, कॅप्टन होईल. समजा ८० लाख पगार धरला तर २०२५-२६ च्या नव्या रिजीममध्ये सरचार्ज आणि सेस धरून २२ लाखांच्या थोडा वर टॅक्स जातो. म्हणजे दर महिन्याला पावणेदोन-दोन लाख. डोळ्यात येणारी रक्कम आहे, नाही म्हणत नाही. इथे पगारावर टॅक्स नाही, व्हॅट आहे ५ टक्के, २०१८ पासून, आणि दिरहॅम डॉलरला ३.६७२५ ने बांधलेला आहे त्यामुळे रुपया घसरला की घरी पाठवायचे पैसे आपोआप वाढतात. पण इथे ती एफओ म्हणूनच येणार आणि वाइडबॉडीवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानावर, डावी म्हणजे कॅप्टनची सीट मिळायला किती वर्षं लागतील ते कोणी लिहून देत नाही. म्हणजे तुलना तिकडच्या कॅप्टनची आणि इकडच्या एफओची आहे, आणि तिच्या शीटमध्ये दोन्हीकडे आजचाच हुद्दा धरला होता. हे दुरुस्त केल्यावर फरक बराच आटला.

शिवाय इथे पगारातून टॅक्स कापला जात नाही तसं म्हातारपणासाठीही काही कापलं जात नाही. पीएफ नाही, पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी आहे, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा पगार आणि पुढे ३० दिवसांचा, पण तो बेसिकवर, फ्लाइंग पे म्हणजे उडालेल्या तासांचा पैसा त्यात येत नाही. मॅटर्निटी लीव्ह इथल्या कायद्याने ६० दिवस, त्यातले ४५ पूर्ण पगारी आणि १५ अर्ध्या पगारी, भारतात २०१७ पासून २६ आठवडे आहे. माझी ज्युनियर तिशीत आहे, नुकतं लग्न झालंय. ही ओळ तिच्या शीटमध्ये नव्हती. मी विचारल्यावर थोडा वेळ गप्प झाली.

आता घरच्या चर्चेबद्दल, कारण फोनवर तिने सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावर घालवला. तिच्या घरच्यांना, मित्रांना वाटतंय की ती पैशासाठी पळतेय. टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर हेच चालू असतं, देशाने घडवलं आणि हे चालले आखातात. २०२५ मध्ये भारताने आयकाओकडे, म्हणजे विमानवाहतुकीच्या जागतिक संस्थेकडे, तक्रारही मांडली की परदेशी एअरलाइन्स आमचे अनुभवी पायलट आणि इंजिनिअर वारंवार उचलून नेतात, यासाठी काहीतरी आचारसंहिता हवी. मला ही तक्रार अगदीच खोटी वाटत नाही. एक ट्रेनर कॅप्टन गेला की त्याच्यामागे कितीतरी जणांची कमांड लांबते, हे मी बघितलंय. जे लोक नोटीस न देता एका रात्रीत निघून जातात त्यांचा भुर्दंड मागे राहिलेल्यांच्या रोस्टरवर पडतो, त्याचाही मला राग येतो.

पण देशाने घडवलं हे वाक्य मी नाही ऐकून घेऊ शकत. सीपीएलसाठी, म्हणजे कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी, २०० तास उडावं लागतं आणि माझ्या त्या २०० तासांचा एकेक तास बाबांनी फ्लॅट गहाण ठेवून भरलाय. त्यानंतर टाइप रेटिंग, म्हणजे ठराविक प्रकारचं विमान उडवायचं ट्रेनिंग, तेही आमच्याच पैशाने. डॉक्टरांसारख्या सरकारी सीटा आमच्या धंद्यात जवळपास नाहीतच, ज्या सरकारी अकादमीत जागा मिळते तिथेही लाखोंनी फी भरावी लागते. तेव्हा हा हिशोब मांडायचाच असेल तर तो खर्च कोणी केला इथपासून मांडू.

आणि लोक का जातात हे कोणी विचारलं का? मला विचाराल तर सांगते, झोपेसाठी. मी ज्या वर्षी निघाले त्या वर्षी माझ्या रोस्टरमध्ये लागोपाठच्या रात्री होत्या, पहाटे चारला लँडिंग, आणि आठवड्याची विश्रांती ३६ तास, त्यातले घरी जायला-यायला किती गेले ते वेगळं. त्याच सुमाराला म्हणजे ऑगस्ट २०१७ मध्ये डीजीसीएने, म्हणजे भारताच्या विमानवाहतूक नियामकाने, नियम आणला की कॅप्टनला नोटीस पिरियड एक वर्ष आणि कोपायलटला सहा महिने. एक वर्ष! इथे कायद्याने नोटीस ३० ते ९० दिवसांची असते आणि दोन्ही बाजूंना सारखीच. लोक दमून निघाले तर दाराला कडी लावायची, ही मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही.

बाकी एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, आणि नऊ वर्षांपूर्वी मी ती सांगितली नसती. विश्रांतीचा नियम भारतात बदलला. जानेवारी २०२४ मध्ये नवे एफडीटीएल, म्हणजे पायलटच्या ड्यूटीच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नियम आले, आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्र धरायची वेळ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर. एअरलाइन्सनी खळखळ केली, नियम पुढे ढकलले गेले, मग पायलटांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात भांडल्या आणि शेवटी १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. पुढे डिसेंबरमध्ये काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. नव्या नियमांना पायलट पुरले नाहीत आणि इंडिगोची हजारो विमानं रद्द, ५ तारखेला एकाच दिवसात हजारावर, एअरपोर्टवर लोक बॅगांवर झोपलेले, आणि मग त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट. वर रजा ही साप्ताहिक विश्रांतीत मोजायची नाही असं जे कलम होतं तेसुद्धा मागे घेतलं. त्या दिवशी मी इथे घरी बसून बातम्या बघत होते आणि मला रडू आलं होतं, कारण एवढ्या वर्षांच्या भांडणातून मिळालेली गोष्ट चार दिवसांत कशी ढिली होते ते दिसत होतं. लोकांचा राग पायलटांवर निघाला याचं जास्त वाईट वाटलं. रात्रीच्या तिसऱ्या लँडिंगला डोळे कसे जड होतात हे त्या बॅगेवर झोपलेल्या माणसाला कोणीतरी सांगायला हवं होतं, त्याच्याच जिवाचा प्रश्न आहे तो.

पण तरीही. तिथे संघटना आहे, कोर्ट आहे, पेपरात बातमी येते, संसदेत प्रश्न येतो. इथे युनियन करता येत नाही, संप करता येत नाही, कायद्यानेच नाही. माझं रोस्टर इथे चांगलं आहे, खरंच चांगलं आहे, महिन्याच्या आधी येतं आणि सहसा बदलत नाही, पण ते चांगलं आहे कारण कंपनीला सध्या ते तसं परवडतंय. उद्या बदललं तर मी एकटीने मॅनेजरला मेल लिहू शकते, त्यापुढे काही नाही. आणि इथेही रात्र आहेच, दुबईहून विमानांची एक मोठी लाट रात्री दोन ते चारच्या सुमारास निघते, त्यामुळे कोणाला वाटत असेल की आखातात जाऊन आपण रात्री झोपू तर तसं नाहीये. फक्त चौघे पायलट असतात लांबच्या फ्लाइटला आणि बंकमध्ये आळीपाळीने पाठ टेकता येते.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

चार वर्षांपूर्वी रूटीन मेडिकलला माझ्या किडनीत स्टोन निघाला. दुखत नव्हतं, काही नव्हतं. इथल्या हवेत आणि कॉकपिटच्या कोरड्या हवेत पाणी कमी पडतं, पायलटांमध्ये हे बऱ्याच जणांना होतं. पण स्टोन आत असला की तुम्हाला अनफिट ठरवू शकतात, कारण तो उडताना सरकला तर माणूस अक्षरशः गडाबडा लोळतो. तर त्या दिवशी डॉक्टरांनी सही केली नाही आणि मी साडेदहा आठवडे जमिनीवर होते.

त्या आठवड्यांमध्ये मला कळलं की माझं घर कशावर उभं आहे. इथला कायदा म्हणतो वर्षाला ९० दिवस आजारपणाची रजा, त्यातले पहिले १५ पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगारी आणि उरलेले ४५ बिनपगारी, आणि त्यानंतरही कामावर येता आलं नाही तर कंपनी कॉन्ट्रॅक्ट संपवू शकते. माझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये याहून जरा बरं होतं पण फ्लाइंग पे पहिल्या दिवसापासून बंद. आणि पैसा हा त्यातला छोटा भाग. माझ्या नवऱ्याचा व्हिसा माझ्या स्पॉन्सरशिपवर, मुलीचा माझ्यावर, घरभाडं कंपनीच्या अलाउन्सवर, मुलीची शाळेची फी कंपनीच्या अलाउन्सवर, सगळ्यांचा हेल्थ इन्शुरन्स कंपनीचा. एक कागद, क्लास वन मेडिकल, म्हणजे उडायला फिट असल्याचं सर्टिफिकेट, तो गेला की नोकरी जाते, नोकरी गेली की व्हिसा रद्द होतो, आणि मग ठरलेल्या मुदतीत सामान बांधायचं. मुलगी तेव्हा चौथीत होती. लिथोट्रिप्सी झाली, म्हणजे लहरींनी स्टोन फोडला, आणि रिपोर्ट येईपर्यंत मी आणि नवरा रात्री जेवणाच्या टेबलावर बसून कुठल्या शहरात कुठली शाळा वर्षाच्या मध्ये ॲडमिशन देईल ते शोधत होतो. तोवर त्याने कधी तोंडातून काढलं नव्हतं, त्या रात्री म्हणाला, माझी नोकरी सोडून आलो ते चुकलं का गं. मला उत्तर देता आलं नाही.

भारतात असते आणि तेच मेडिकल गेलं असतं तर पगार तुटला असता, हालच झाले असते, पण देशातून कोणी काढलं नसतं. आईच्या घरी गेले असते, नवऱ्याची नोकरी चालू असती. हा फरक पगाराच्या स्लिपवर दिसत नाही आणि माझ्या मते टॅक्स न भरण्याची खरी किंमत हीच आहे. आपण वाचवलेल्या पैशातून आपली पेन्शन, आपला आजारपणाचा आधार, आपलं राहण्याचं ठिकाण, सगळं स्वतः उभं करायचं असतं, आणि बहुतेक जण तो पैसा मोठ्या गाडीत आणि मोठ्या व्हिलात घालवतात. गोल्डन व्हिसा आहे, २० लाख दिरहॅमची प्रॉपर्टी घेतली तर दहा वर्षांचा मिळतो, ज्यांना जमतं त्यांनी जरूर घ्यावा, पण पहिल्या काही वर्षांत एफओला ते जमत नाही.

आणि नोकरी जाण्याबद्दल भारताला नावं ठेवणाऱ्यांनी २०२० आठवावं. हो, तिकडे किंगफिशर २०१२ ला बंद पडली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ ला, पगार बुडालेले कॅप्टन मी जवळून बघितलेत. पण कोविडमध्ये इथेही मोठमोठ्या एअरलाइन्सनी हजारो माणसं कमी केली. आमच्या बिल्डिंगमधली चार कुटुंबं एका महिन्यात गेली, लिफ्टमध्ये फर्निचर विकायचे कागद चिकटवलेले असायचे. जेट बंद पडली तेव्हा लोक निदान आपापल्या घरात बसून दुसरी नोकरी शोधत होते.

मग मी तिला नको म्हणाले का? नाही. मी स्वतः आज परत निवडायचं झालं तरी बहुतेक आलेच असते. चार खंड बघितले, बाबांचा फ्लॅट तीन वर्षांत सोडवला, मुलगी वीस देशांच्या मुलांबरोबर शिकते. मी तिला फक्त एवढं म्हणाले की टॅक्सची ओळ खोडून टाक आणि तिथे लिही, मेडिकल गेलं तर सहा महिने. त्या सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत नवऱ्याला नोकरी सोडायला लावू नकोस. लॉस ऑफ लायसन्सचा, म्हणजे मेडिकल गेलं तर पैसे देणारा, इन्शुरन्स स्वतःचा काढ, कंपनीचा कंपनीबरोबर जातो. आणि भारतातलं लायसन्स मरू देऊ नकोस, मी दरवर्षी सुट्टीत येते तेव्हा डीजीसीएचं मेडिकल वेगळं करते, एक दिवस जातो, आई कुरकुरते की आलीस तशी निघालीस डॉक्टरकडे, पण जाते.

काल रात्री तिने ऑफर लेटर पाठवलं. एकोणीस पानं. घर, शाळा, तिकिटं, ग्रॅच्युइटी, बॉन्ड, सगळं आहे. सिक लीव्हसाठी फक्त 'कंपनी पॉलिसीप्रमाणे' एवढं लिहिलंय आणि ती पॉलिसी सोबत जोडलेली नाही. मी तिला लिहिलं, सही करायच्या आधी ते पान मागवून घे.